गाऊन कॉलेजचा, निऱ्या आपल्या

गाऊनचं पाकीट हातात पडलं की त्याच दिवशी फोड. समारंभाच्या आदल्या रात्रीपर्यंत ते कपाटात तसंच पडू देणारी मुलं मी दर मे महिन्यात बघते. तोवर घडीच्या रेघा त्या पॉलिएस्टरमध्ये अशा रुतून बसतात की अंगावर कपडा नव्हे, उलगडलेला नकाशा चढवल्यासारखा दिसतो. गाऊन रुंद हँगरला लाव, बाथरूममध्ये टांग, गरम पाण्याचा शॉवर थोडा वेळ सोड आणि दार लावून घे. अर्ध्या रेघा वाफेनेच जातात. उरलेल्यांसाठी इस्त्री घेतलीस तर ती मंद ठेव आणि मध्ये सुती कापड घाल, जुनी ओढणी किंवा पंचा. गरम इस्त्री थेट फिरली की तिथे चकाकी येते आणि ती मग कशानेही जात नाही. काळ्या रंगावर तर लांबूनही कळते.

आपल्या घरात हे कोणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तुझ्या आईने आणि मी पदवी घेतली ती पुण्यात, आणि समारंभाला आम्ही दोघीही गेलो नाही. फी भरली, अर्ज केला, प्रमाणपत्र पोस्टाने घरी आलं, बाबांनी ते लॅमिनेट करून आणलं, झालं. इथे मात्र हा दिवस घरच्या कार्यासारखा साजरा होतो. माझ्या मोठ्या जाऊबाई न्यू जर्सीत माझ्या आधी आल्या. त्यांनी आपल्या मुलांच्या वेळी जे पाहिलं ते माझ्या कानावर घातलं. मी आधी आमच्या मुलांच्या आणि मग मंडळातल्या सगळ्यांच्या मुलांच्या गाऊनला पिना लावता लावता त्यात भर घातली. आता तू ऐक.

मुळात एक लक्षात घे. गाऊन चढला की तुझं स्वतःचं असं फार थोडं दिसतं. गळ्याशी एक त्रिकोण, पोटरीखालचा वीतभर भाग, पावलं, हात आणि टोपीखालचं डोकं. बाकी सगळं कॉलेजचं. म्हणून खर्च आणि डोकं लावायचं ते या चार-पाच जागांवर. आत अठराशे डॉलरचा ड्रेस आहे की घरचा कुडता, हे स्टेजवरच्या डीनला दिसत नाही आणि फोटोलाही दिसत नाही. उन्हात तीन तास बसल्यावर तुझ्या पाठीला मात्र ते बरोबर कळतं.

गाऊनची लांबी आधी बघ. खालची कड गुडघा आणि घोटा यांच्या साधारण मध्ये आली पाहिजे. फारच खाली लोंबत असेल तर दुकानात जाऊन बदलून आण. पाकीट लवकर फोडायला सांगते ते याचसाठीही. भाड्याचा गाऊन असेल तर कापायचा-शिवायचा नाही, आतून मोठा टाका घालून वर घ्यायचा.

मग बाह्या. तुझं एमएस, म्हणजे तुझ्या गाऊनची बाही जरा विचित्र असणार. हात मनगटाशी बाहेर येतो आणि बाहीचं उरलेलं कापड खाली लांब पिशवीसारखं लोंबतं, त्याला एका बाजूला अर्धगोल काप असतो. दरवर्षी कोणीतरी हात थेट त्या पिशवीच्या टोकापर्यंत घालतं आणि बाहेर यायला वाट सापडत नाही म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहतं. त्या पिशवीत मुलं फोन ठेवतात, चॉकलेटं ठेवतात. फोन नको ठेवूस. हात वर केलास की तो कोपरावर आदळतो. एखादी चपटी वस्तू, रुमाल किंवा नावाचं कार्ड, चालेल. बीएसवाल्यांची बाही सरळ आणि टोकदार असते. तुझ्या मावसभावाला, म्हणजे आमच्या पीएचडीवाल्याला, घंटेच्या आकाराची फुगीर बाही, तिच्यावर मखमलीचे तीन आडवे पट्टे आणि समोरून खालपर्यंत मखमलीची पट्टी.

हे कोणा शिंप्याच्या लहरीने झालेलं नाही. 1887 साली विल्यम्स कॉलेजातून बाहेर पडलेला गार्डनर कॉट्रेल लिओनार्ड नावाचा अल्बनीचा एक तरुण होता. घरचा कपड्यांचा धंदा. त्याने आपल्याच वर्गासाठी गाऊन बेतले, आणि पुढे 1895 मध्ये अनेक कॉलेजांनी मिळून नियम ठरवायला घेतले तेव्हा यातला जाणता म्हणून त्यालाच बोलावलं. ती बैठक भरली कोलंबियात, जिथे पुढे आपले बाबासाहेब शिकले आणि जिथून त्यांना 1952 च्या जूनमध्ये मानद डॉक्टरेट मिळाली. नंतर अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने या नियमांवरून दोन-तीनदा हात फिरवला. नियम पाळायची सक्ती कोणावर नाही, म्हणून कोलंबियाचा गाऊन फिकट निळा, एनवाययूचा जांभळा, हार्वर्डच्या पीएचडीवाल्यांचा गडद लाल. पण बाही बघून पदवी ओळखावी ही रीत बहुतेक ठिकाणी टिकून आहे. मी तर बाही बघूनच समोरच्या मुलाच्या आईशी बोलायला सुरुवात करते.

आता हूड. या सगळ्या पोशाखातली सर्वांत बोलकी आणि सर्वांत छळणारी वस्तू हीच. नाव हूड असलं तरी ती डोक्यावर घ्यायची नाही, गळ्यातून पाठीवर सोडायची. बीएसचा हूड तीन फूट, एमएसचा साडेतीन, पीएचडीचा चार, असा नियम. बीएसवाल्यांना बऱ्याच ठिकाणी तो देतच नाहीत. कडेला मखमल असते, ती एमएसला तीन इंच आणि पीएचडीला पाच इंच रुंद. मखमलीचा रंग विषयाचा, आतलं चकचकीत अस्तर विद्यापीठाच्या रंगांचं. विज्ञानाला सोनेरी पिवळा, इंजिनिअरिंगला नारिंगी, वैद्यकीला हिरवा, कायद्याला जांभळा, शिक्षणशास्त्राला फिकट निळा, नर्सिंगला जर्दाळूचा, संगीताला गुलाबी. पीएचडी कुठल्याही विषयात असो, गडद निळा. बिझनेसवाल्यांच्या वाट्याला एक मातकट बदामी रंग आला आहे. उद्याचे लक्षाधीश, आणि पाठीवर मुलतानी मातीचा रंग. मला दरवर्षी हसू येतं.

घालायची रीत अशी. निमुळता भाग पुढे गळ्याशी, रुंद भाग मागे, मखमल बाहेर. नुसता अडकवलास तर पाठीवर काळं कापडच दिसेल. अस्तर दिसायला हवं असेल तर मागचा भाग उलटून घ्यावा लागतो, आणि तो उलटलेला राहावा म्हणून मागे एक बारीक दोरी आणि बटण असतं. ते स्वतःला दिसत नाही, हातही पोचत नाही. मैत्रिणीकडून लावून घे आणि तिचं तू लाव. रांगेत उभं राहिल्यावर पुढच्याच्या पाठीकडे बघायचं, तुझ्या मागचा तुझी बघेल.

खरा त्रास पुढे गळ्याशी होतो. हूडच्या पुढच्या टोकाला आतून एक छोटा लूप असतो. तो शर्टाच्या बटणात अडकवायचा. हे सगळं बेतलं गेलं ते पुरुषांच्या शर्टावर, त्यामुळे मुलग्यांचं काम भागतं. तुझ्या ब्लाउजला किंवा कुडत्याला त्या जागी बटण असेलच असं नाही. मग हूडचं सगळं वजन मागे, तो हळूहळू मागे सरकतो आणि गळ्याला काचतो. नाव पुकारेपर्यंत निम्म्या मुली दोन बोटांनी गळ्याशी कापड ओढून धरून बसलेल्या असतात. त्यावर जाऊबाईंचा उपाय: आतल्या कपड्याला, गळ्याच्या त्रिकोणाच्या खालच्या टोकाशी, आतल्या बाजूने एक चपटं बटण टाकून घे आणि लूप त्यात अडकव. साडीचा ब्लाउज पुढून हुकचा असेल तर वरच्या हुकच्या पट्टीवरच टाक, तिथे कापड दुहेरी असतं, ओढ सहन करतं. याशिवाय दोन्ही खांद्यांवर गाऊनच्या आतून एकेक सेफ्टीपिन, हूडचं फक्त खालचं कापड धरून. मखमलीतून पिन आरपार काढू नकोस, भोकं राहतात आणि भाड्याचा असेल तर बोलणी बसतात. पिना पितळी, मध्यम आकाराच्या घे. बारीक पिना त्या जाड कापडात वाकतात.

मावसभावाला निरोप दे, त्याने हूड घालून जायचं नाही. डाव्या हातावर घडी करून न्यायचा. स्टेजवर त्याचे गाईड तो त्याच्या गळ्यात घालतात, तेवढ्यासाठीच तर पाच-सहा वर्षं काढली. त्या वेळी टोपी अडखळते, म्हणून गुडघे किंचित वाकवायचे. गाईड बुटक्या असतील तर जरा जास्तच. त्याचा गाऊन विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका. चांगला डॉक्टरेटचा गाऊन शिवून घ्यायचा तर हजार डॉलरच्या घरात जातो. प्राध्यापक व्हायचं नक्की असेल तर पुढे दरवर्षी लागेल, तेव्हा घ्यावा.

आता तू विचारलंस ते साडीचं.

साडी नेस, जरूर नेस. पण तुझ्या आईची पैठणी गाऊनच्या आत नको. तो जाड पदर, ती जर, वरून पॉलिएस्टर, आणि मे महिन्याचं ऊन. शिवाय पैठणीचं खरं वैभव पदरात, आणि नेमका पदरच झाकला जाणार. दिसणार काय, तर खालचे काठ. मग साडी अशी निवड जिचे काठच बोलतात आणि अंग हलकं आहे. इरकल घे, नारायणपेठ घे. रुंद काठाची, सुती किंवा अर्धी रेशमी. काळ्या किंवा गडद निळ्या गाऊनखाली इरकलीचे लाल काठ जे उठून दिसतात, त्यासमोर पैठणी फिकी पडते, हे मी पैठणीच्या माहेरची असून सांगते.

नेसताना निऱ्या थोड्या आणि अरुंद घे. जास्त घेतल्यास तर पोटाशी गोळा होतो आणि गाऊनची चेन तिथे वर जात नाही. परकर घट्ट बसणारा, घेर कमी. पदर नेहमीसारखा लांब सोडायचा नाही. मागे तो गाऊनच्या खाली शेपटीसारखा डोकावतो आणि मागून येणाऱ्याचा पाय त्यावर पडतो. पदराच्या अरुंद घड्या घाल, खांद्यावर पिन लाव, आणि उरलेला मागून कमरेला वळसा देऊन डाव्या बाजूला खोच. कामाला लागताना आपण पदर खोचतो तसा. फोटोसाठी गाऊन काढलास की ओढून मोकळा सोडता येतो. चेन लावताना डावा हात आत घालून पदर दाबून धर आणि उजव्या हाताने चेन वर ने. दात्यांत जरीचा धागा अडकला तर खेचायचं नाही, चेन खाली घेऊन धागा मोकळा करायचा.

साडी रोजच्यापेक्षा इंचभर वर नेस. स्टेजवर चढायला पायऱ्या किंवा उतरण असते. चढताना आपला हात आपोआप निऱ्या उचलायला जातो, पण त्या दिवशी तुझे दोन्ही हात गुंतलेले असतात. पदवीचं नळकांडं किंवा पुठ्ठा डाव्या हाताने घ्यायचा आणि उजव्याने हात मिळवायचा, अशी इथली पद्धत. आपल्याला लहानपणापासून डाव्या हाताने काही घ्यायचं नाही हे इतकं शिकवलेलं असतं की ऐन वेळी उजवा हात पुढे जातो, तिकडून येणारा हात मध्येच थांबतो, आणि फोटोत चार हातांची गर्दी. घरी कोणालातरी डीन करून एकदा सराव करून घे. हसू नकोस, ते सेकंदभराचं काम आहे आणि फोटोग्राफर नेमका त्याच सेकंदाला बटण दाबतो.

एमएस आणि पीएचडीच्या गाऊनला नियमाने एक सवलत आहे. बीएसचा गाऊन बंदच ठेवायचा असतो, पण वरच्या दोन्ही पदव्यांचा पुढून उघडा ठेवला तरी चालतो. तुमच्या कॉलेजचं पत्रक काय म्हणतं ते बघ. मनाई नसेल तर समारंभ संपल्यावर चेन खाली घे आणि साडी दिसू दे. तेव्हा हूडचं काय होतं, ते घरी आधी बघून ठेव.

आपला पोशाख या देशात पदवीच्या वाटेवर पहिल्यांदा कोणी मिरवला ते तुला माहीत आहेच. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातला 10 ऑक्टोबर 1885 चा तो फोटो: आनंदीबाई जोशी साडीत, शेजारी जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघीही आपापल्या देशाच्या वेशात. पुढच्या मार्चच्या 11 तारखेला आनंदीबाई डॉक्टर झाल्या, आणि पंडिता रमाबाई तो समारंभ बघायला हजर होत्या. गाऊनचे हे नियम त्यानंतर नऊ वर्षांनी झाले. तेव्हा कोणी ‘साडी शोभेल का’ म्हणालं तर वाद घालत बसू नकोस, हा फोटो दाखव.

साडी नको असेल तर कुडता आणि चुडीदार उत्तम. सलवार नको, तिचा घोळ गाऊनखाली पायजम्यासारखा दिसतो. मुलग्यांना मी सांगते की कॉलरचा शर्ट घाला, टाय लावा, कोट घालू नका. गाऊनच्या आत कोट घालून बसलेला मुलगा मला रांगेतून ओळखू येतो, त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत असतो. नेहरू शर्ट घालायचा तर बंद गळ्याचा, बटणपट्टीचा. हूडच्या लूपचं काम होतं. धोतराची हौस असलेला एक मुलगा आमच्याकडे येऊन गेला. त्याला मी शिवलेलं, नाडीचं धोतर घ्यायला लावलं. स्टेजवर कासोटा सुटला तर सावरायला कोणी येत नाही.

टोपीचं म्हणशील तर ती सपाट बसली पाहिजे, जमिनीला समांतर. मागे कलती घातली की फोटोत पाटी गायब होते आणि डोक्यावर नुसती काळी वाटी दिसते. इलास्टिक असेल ती बाजू मागे. केस आधी ठरव, मग टोपी. उंच अंबाडा, पोनी, पुढचा फुगा, काही चालत नाही. मानेवर खाली बसणारा अंबाडा किंवा सैल वेणी घाल. गजरा हवा तर तोही मानेपाशी, टोपीच्या काठाखाली, एकपदरीच. केसांच्या रंगाच्या हेअरपिना टोपीच्या आतल्या पट्टीतून दोन्ही बाजूंनी तिरक्या, एकीवर एक फुलीसारख्या घाल. वारा सुटला की सरळ लावलेली पिन टोपीसकट निघते. कानातलं छोटं. मोठे झुमके आणि गोंडा यांची गाठ पडते. टिकली लाव, हसताना ती बरी दिसते. नथ समारंभात नको, माईकवर नाव सांगायचं असेल तर ओठ अडतो. ती फोटोच्या दिवसासाठी.

टॅसल, म्हणजे तो गोंडा, बीएसवाले आधी उजवीकडे ठेवतात आणि पदवी जाहीर झाली की सगळे मिळून डावीकडे घेतात. तुम्हा एमएसवाल्यांचा बऱ्याच ठिकाणी सुरुवातीपासूनच डावीकडे असतो. रांग लावणाऱ्या बाईंना विचार, दोन शब्दांचं काम. ओठांना चिकट लिपस्टिक लावू नकोस. गोंडा वाऱ्याने येऊन तिथेच चिकटतो. राष्ट्रगीताला मुलगे टोपी काढतात, मुलींनी डोक्यावर ठेवली तरी चालते. इतक्या पिना लावल्यावर ती निघतेही कुठे म्हणा.

टोपी उडवायची गंमत 1912 मध्ये ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत सुरू झाली म्हणतात. त्या वर्षी मुलांना पदवीबरोबरच अधिकाऱ्याचा हुद्दा मिळाला, जुन्या टोप्या लागणार नव्हत्या, दिल्या भिरकावून. तुझी टोपी भाड्याची असेल तर हातातच धर. आणि उडवलीस तर लगेच मान खाली. चारही कोपरे टणक असतात, परत खाली येताना ते कोणाचं कपाळ बघत नाहीत.

बुटांबद्दल नियमाचं म्हणणं एवढंच की गडद रंगाचे असावेत. माझं म्हणणं जास्त आहे. बारीक टाचेचे नकोत. समारंभ हिरवळीवर असेल तर टाच मातीत रुतते आणि मुलगी पुढे, सँडल मागे. रुंद टाचेचे, आधी आठवडाभर घालून मोकळे केलेले घे. कोल्हापुरी घालायची तर नवी कोरी नको. चामड्याचा तळ लोखंडी रॅम्पवर सटकतो. आधी अंगणातल्या काँक्रीटवर दोन-चार फेऱ्या घासत मार, तळ खरबरीत होतो. पांढरे स्नीकर्स हल्ली खूप दिसतात. मला आवडत नाहीत, पण पाय दुखत असतील तर माझ्या आवडीला विचारू नकोस.

गळ्यात अजून काय काय घालतात ते बघशीलच. मानाच्या दोऱ्या, म्हणजे कॉर्ड, चांगल्या गुणांच्या, संस्थांच्या. स्टोल पहिल्या पिढीच्या पदवीधरांचे, देशाच्या झेंड्याचे. हवाईकडची मुलं फुलांचे हार घालतात, काही आदिवासी मुलं टोपीला गरुडाचं पीस लावतात आणि त्या पिसासाठी काही राज्यांत कायदे करावे लागले. जुन्या नियमात मात्र गाऊनवर दुसरं काही घालू नये असंच लिहिलेलं आहे. म्हणून आधी विचारून घे. परवानगी असेल तर बाजारातला झेंड्याचा स्टोल घेण्यापेक्षा मी तुला शिवून देते. आजीच्या विरलेल्या नारायणपेठीचे काठ माझ्याकडे ठेवले आहेत. लांबी 72 इंच, रुंदी साडेचार, मागे कडक अस्तर. मधोमध मानेशी सरळ पट्टी ठेवली तर ती मागे कुबडासारखी उठते. तिथे दोन तुकडे तिरके कापून टोक जोडावं लागतं, तेव्हा कुठे ती गळ्याला बसते. रेशीम पॉलिएस्टरवरून घसरतं, म्हणून खांद्यावर आतून पिन. हूड आणि स्टोल दोन्ही घातले तर गळ्याशी गर्दी होते, तेव्हा स्टोल आधी, हूड वर.

ताई आणि भाऊजी, म्हणजे तुझे आई-बाबा, येतील तेव्हा त्यांच्या कपड्यांचंही आत्ताच बोलून ठेव. ताई पैठणी नेसणार, तिला कोणी थांबवू शकत नाही, पण स्टेडियमच्या बाकांच्या कडा खरबरीत असतात आणि जर ओढली जाते. बसायला एक जाड टॉवेल आणि खांद्यावर शाल हवीच. इथला मे सकाळी नऊला थंडीने काकडवतो आणि बाराला भाजतो. भाऊजींना लोकरी सूट आणू देऊ नकोस, साधा सुती कोट पुरे. दोघांनीही चालायचे बूट घालायचे, पार्किंग फार लांब असतं. ताईची मोठी पर्स दारावरच अडवतील. बऱ्याच स्टेडियममध्ये आरपार दिसणारी प्लास्टिकची पिशवीच नेऊ देतात, छत्रीही बाहेर ठेवायला लावतात. पावसासाठी पातळ रेनकोट घड्या करून द्या. औषधांची डबी त्या पिशवीत वर, दिसेल अशी.

तुझ्या गाऊनला बहुधा खिसा नसेल. फोन मैत्रिणीच्या आईकडे द्यायचा, आणि गाडीत ठेवायचं ते असं: पाणी, खारे शेंगदाणे, चार जास्तीच्या पिना, एक जोड सपाट चपला. पाणी बेताने पी. गाऊन, हूड, साडी सांभाळत त्या चिमुकल्या संडासात जाणं म्हणजे काय, ते गेल्यावरच कळतं.

फोटो मात्र आदल्या दिवशी काढून ठेव. समारंभाच्या दिवशी कॅम्पसच्या प्रत्येक पुतळ्यापुढे रांग लागते आणि तुझा चेहरा तोवर उतरलेला असतो. आदल्या संध्याकाळी पाच-सहाला ऊन कलतं, गर्दी नसते. तेव्हा नेस ती आईची पैठणी, घाल नथ, गाऊन हातावर घे, हूड खांद्यावर टाक. भाऊजींना फोटो काढू दे, पण एक सेट मैत्रिणीकडूनही काढून घे. भाऊजींच्या फोटोत पाय नेहमी कापलेले असतात, आणि आपण एवढे काठ निवडले आहेत.

त्याच रात्री झोपायच्या आधी भाड्याचा गाऊन परत द्यायची तारीख बघ. बऱ्याचदा ती समारंभाच्याच दिवशीची असते, मैदानाबाहेरच मोठी खोकी ठेवलेली असतात. देण्याआधी खांद्यावरच्या दोन्ही पिना काढ, बाहीच्या पिशवीत हात घालून बघ, आणि गोंडा टोपीवरून सोडवून घे. तो सहसा ठेवून घ्यायचा असतो, भाड्यात धरलेला नसतो.